शिकविण्याचे संशोधन आणि नेतृत्वाची जबाबदारी

आपल्या उच्च शिक्षणात संशोधनाला मान आहे, शिकविण्याला नाही. एखाद्या प्राध्यापकाने परिषदेत निबंध वाचला तर त्याचा सत्कार होतो, सूचनाफलकावर त्याचे नाव लागते. पण मागच्या बाकावरची मुलगी दरवर्षी त्याच प्रश्नाचे उत्तर कोरे का ठेवते, याचा त्याच प्राध्यापकाने तीन वर्षे शोध घेतला तर त्याला कोणी संशोधन म्हणत नाही. तो त्याचा नाद ठरतो, किंवा रिकामपणचा उद्योग.

ही गोष्ट केवळ प्राध्यापकांच्या मानापमानाची असती तर या पानांवर तिचा विचार करण्याचे कारण नव्हते. प्रश्न आपल्या मुलांचा आहे. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांच्या घरचा विद्यार्थी नापास झाला की चौकशी विद्यार्थ्याची होते. त्याचा पाया कच्चा आहे, घरी वातावरण नाही, अभ्यासाची सवय नाही, असे निकाल चहाच्या कपाबरोबर दिले जातात. शिकविण्याची चौकशी मात्र होत नाही. आरोपी ठरलेला आहे आणि पुरावा कोणी मागत नाही. हा पुरावा गोळा करण्याचे शास्त्र आहे. ते वाढवावयाचे तर महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या नेतृत्वाने काय केले पाहिजे, हे मला येथे मांडावयाचे आहे.

मी घोटीत राहतो आणि जवळच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. घोटी हे इगतपुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे या दोन्ही वाटांवरचे. मुलूख भाताचा, पाऊस दांडगा, गावात भात गिरण्या. माझ्या वर्गात बौद्ध वस्त्यांतली मुले असतात, तशीच ठाकर, महादेव कोळी, कातकरी पाड्यांवरची असतात. त्यांतील बहुतेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला तोच पहिला माणूस.

या मुलूखाचे वर्ष पंचांगाने चालत नाही, भाताने चालते. पाऊस लागला की चिखलणी आणि आवणी. दिवाळीच्या मागेपुढे सोंगणी आणि झोडणी. ज्याच्या घरी तुकडा आहे तो आपल्या तुकड्यावर राबतो, ज्याच्या घरी नाही तो दुसऱ्याच्या खाचरात रोजावर जातो. आता विद्यापीठाचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. पहिल्या सत्राचे तास ऐन आवणीत सुरू होतात आणि त्या सत्राची परीक्षा सोंगणीच्या तोंडावर येते. आवणीचे काम मुख्यत: बायकांचे, म्हणून वर्गातून आधी मुली नाहीशा होतात. हजेरीपटावर फुल्या पडतात. त्या फुल्यांकडे पाहून शिक्षक म्हणतो, या मुलींना शिक्षणाची आस्था नाही. खरे पाहता फुली आस्थेवर पडलेली नसते. दोन कामे एकाच दिवशी नेमून दिल्याची ती खूण असते. पण हजेरीपट आणि शेताचे काम शेजारी ठेवून वाचावयाचे कोणी? वाचले तर ते ज्ञान नोंदवावयाचे कोठे?

येथे शिकविण्याचे संशोधन म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. चांगले शिकविणे आणि शिकविण्याचे संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला शिक्षक मनापासून शिकवितो, मुले त्याला आठवतात, आणि तो निवृत्त झाला की त्याचे कसब त्याच्याबरोबर जाते. संशोधन करणारा शिक्षक आणखी चार गोष्टी करतो. तो आपल्या वर्गातला प्रश्न नेमका मांडतो. उत्तरपत्रिका, वह्या, मुलांशी झालेली बोलणी असा पुरावा पद्धतशीर जमवितो. शिकविण्याची रीत बदलून काय फरक पडतो ते तपासतो. आणि हे सारे इतर शिक्षकांपुढे उघड ठेवतो, म्हणजे त्यांना ते खोडता येते, किंवा उचलून पुढे नेता येते. अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानचे अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली विद्वत्तेचा नव्याने विचार करणारा एक अहवाल लिहिला. नवे शोधणे, शोधलेल्याची सांगड घालणे, ते लोकांच्या उपयोगी आणणे आणि शिकविणे, अशी विद्वत्तेची चार अंगे त्यांनी मांडली आणि चौथ्यालाही पहिल्याइतकाच मान मागितला. त्यानंतर तिकडच्या विद्यापीठांतून या विषयाची मंडळे, नियतकालिके, परिषदा उभ्या राहिल्या.

एक उदाहरण माझ्या वर्गातले देतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत असतो. पहिल्या घासाचे समाधान मोठे, दुसऱ्याचे त्याहून कमी, असे करत पोट भरते, असा तो समजावून देतात. ज्या घरात चौथी भाकरी ताटात पडतच नाही, त्या घरच्या मुलाला चौथ्या भाकरीची घटती उपयोगिता कशी कळावी? पुढचे प्रकरण मागणीच्या लवचिकतेचे. हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना लिहिता येत नव्हता. पण आठवडे बाजारातून त्यांनी काय आणले आणि काय आणले नाही हे एक पानभर लिहावयास सांगितले, तेव्हा एका मुलीने लिहिले की मीठ महागले तरी आई तेवढेच घेते, टोमॅटो महागला की आमटीत चिंच पडते. लवचिक आणि अलवचिक मागणीतला भेद तिने शब्दाविना मांडला होता. सोंगणी होताच भात विकावा लागतो आणि पावसाळ्यात तांदूळ विकत आणावा लागतो, हे दुसऱ्याने लिहिले. पुरवठा, साठवण आणि कर्ज ही तीन प्रकरणे त्या एका वाक्यात होती.

यावरून अनुभवातून शिकविले की झाले, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. म्हणून आम्ही दोघा शिक्षकांनी दोन तुकड्यांना दोन रीतींनी शिकविले, एका तुकडीला पुस्तकापासून आणि दुसरीला बाजारापासून, आणि दोन्हींच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या. जेथे बाजारापासून सुरुवात केली तेथे उत्तरे कोरी राहिली नाहीत, हे खरे. पण प्रश्नपत्रिकेत नुसता पारिभाषिक शब्द आला की अडखळणे तसेच राहिले. म्हणजे अनुभव पुरेसा नाही. अनुभवापासून परिभाषेपर्यंत नेणारी वाट वेगळी बांधावी लागते, तिला वेगळे तास लागतात. ही गोष्ट साधी वाटेल, पण ती तपासल्यावाचून कळली नसती. आपल्या मुलांना त्यांच्याच जगात ठेवून कौतुक करणारे शिक्षण आणि त्यांच्या जगाची दखल न घेणारे शिक्षण, ही दोन्ही त्यांना परीक्षेच्या दाराशी सोडून देतात.

हे काम जमले, कारण त्या वेळचे प्राचार्य त्यामागे उभे राहिले. त्यांनी भाषण केले नाही. वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास मोकळे करून दिले, उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींचा खर्च मंजूर केला, आणि आवणीत बुडालेला भाग पुढे भरून काढण्यास परवानगी दिली. ते गेल्यावर आलेल्यांनी एकच प्रश्न विचारला : हे छापून कोठे आले? छापून आले नव्हते, म्हणून ते नव्हतेच. दोन तास परत गेले आणि वह्या कपाटात गेल्या. एका माणसाच्या मर्जीवर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर जाते. म्हणून नेतृत्वाचा प्रश्न हा सद्भावनेचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा आहे.

नेतृत्वाचा हा विचार आपल्याला परका नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात शिक्षक कोणत्या समाजातून यावा आणि खेड्यातल्या मुलाला काय शिकवावे, हे प्रश्न त्यांनी एकत्रच विचारले. नांगर धरण्याची लाज नसलेला शिक्षक त्यांना हवा होता. बाबासाहेबांनी तर विद्यापीठाच्या रचनेलाच हात घातला. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिला १९२४ साली त्यांनी लेखी साक्ष दिली. पदवीचे आणि पदव्युत्तर शिक्षण एकमेकांपासून तोडणे म्हणजे अध्यापन आणि संशोधन तोडणे होय, आणि असे तोडलेले संशोधन दुबळे होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना ते आणखी पुढे गेले. परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यावर विद्यापीठाचे समर्थन होत नाही, गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत उच्च शिक्षण नेणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे त्यांनी बजावले. हे बोलणारा माणूस सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून आलेला होता. १९३५ साली तो शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला.

संस्था हाती आल्यावर त्यांनी काय केले ते पाहावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळचे वर्ग भरविले गेले, कारण दिवसभर नोकरी करणाऱ्या गरीब तरुणाला दुसरी वेळ नव्हती. विद्यार्थ्याच्या जगण्याची घडी आधी पाहिली गेली आणि वेळापत्रक तिच्यावर बसविले गेले. आमच्या भाताच्या मुलूखात तोच प्रश्न घड्याळाऐवजी हंगामाचा आहे, एवढाच फरक.

१९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सोसायटीने महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले. परिसर नागसेनवन झाला. या नावात शिक्षणाच्या नेतृत्वाचा एक सिद्धांतच दडलेला आहे. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारण्यात कोणाला हार न जाणारा. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात त्याने वादाचे आमंत्रण दिले तेव्हा भिक्षू नागसेनाने अट घातली. राजा म्हणून बोलणार असाल तर बोलणे होणार नाही, पंडित म्हणून बोलणार असाल तर होईल. कारण पंडितांच्या वादात चूक दाखविली तर कोणी रागावत नाही, राजाच्या वादात विरोध केला की दंड होतो. राजाने अट मान्य केली, आणि मगच प्रश्नोत्तरे सुरू झाली. आपल्या किती प्राचार्यांच्या दालनात ही अट मान्य होते? शिक्षकाने आपल्या वर्गात अमुक रीत फसली असे लिहून दिले तर त्याचा गोपनीय अहवाल बिघडेल, अशी भीती असेल तेथे कोणी खरे लिहिणार नाही. सर्वांचे शिकविणे उत्तम आहे आणि मुले तेवढी नापास आहेत, असेच कागद तयार होतील.

मिलिंदमध्ये पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस, पुढे प्राचार्य म. ना. वानखेडे, आणि मराठीचे अध्यापक गंगाधर पानतावणे या मंडळींनी वर्गाबाहेरच्या वाङ्मयीन विचाराला महाविद्यालयात जागा करून दिली. दलित साहित्याची चळवळ ज्या वर्तुळांतून उभी राहिली त्यांत हे एक मोठे वर्तुळ होते. तेथील विद्यार्थ्यांना आपले जगणे हा लेखनाचा विषय आहे असे कोणीतरी सांगितले. आपले शिकणे हाही संशोधनाचा विषय आहे, असे सांगणे ही त्याचीच पुढची पायरी आहे.

ती पायरी महाराष्ट्रात कोणी चढलेच नाही असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ होते. जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातील ग्रामीण शाळांत आणि मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांत या केंद्राने काम केले. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा हीच मोठी अडचण आहे, आणि ती भाषा सोपी केली तर तीच मुले तोच विषय पुष्कळ चांगला समजतात, असे या अभ्यासांतून पुढे आले. ‘पाया कच्चा’ या वर्षानुवर्षांच्या निकालाला पुराव्याने दिलेले ते उत्तर होते. ते काम शाळांतले असले तरी एका मोठ्या संशोधन संस्थेने शिकविण्याचा अभ्यास आपल्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारा मानला नाही, म्हणून ते शक्य झाले.

दुसरे उदाहरण डॉ. सुखदेव थोरात यांचे. मिलिंदचे विद्यार्थी असलेले थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. २००७ साली तिचा अहवाल आला. शिक्षक कोणाला वेळ देतात, कोणाला टाळतात, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत काय घडते, वसतिगृहात कोण कोणापासून वेगळे राहते, हे त्यात विद्यार्थ्यांच्या तोंडून नोंदले गेले. शिकणे हे केवळ डोक्यात घडत नाही. वर्गात, प्रयोगशाळेत, भोजनगृहात घडते, आणि तेथे जात हजर असते. शिकविण्याच्या ज्या संशोधनात जातीचा रकाना नाही ते आपल्या देशात अपुरे आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्यात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते. शिक्षक समोर नसताना विद्यार्थी कसा शिकेल, याचा विचार करून तेथे स्वयंअध्ययनाची पुस्तके रचण्यात आली, आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढण्यात आला. कुलगुरूच शिकण्याच्या प्रश्नात रस घेतो तेव्हा पुस्तकाची बांधणीसुद्धा बदलते, हे यातून दिसते.

आता आजची स्थिती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी शिक्षकांच्या बढतीसाठी गुण मोजण्याची रीत आणली. छापील निबंधाला गुण मिळू लागले, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांसाठी ही रीत सैल केली, पण मनावरचा पगडा गेलेला नाही. घोटीच्या बाजारातल्या टोमॅटोवरची विद्यार्थिनीची वही आजही कोणत्याच रकान्यात बसत नाही. दुसरीकडे कितीतरी महाविद्यालयांत शिकविणारा तरुण तासिका तत्त्वावर आहे. त्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, विचार केलेल्या तासाचे मिळत नाहीत. त्याच्याकडून वर्गाच्या अभ्यासाची अपेक्षा करणे म्हणजे फुकटची वेठ मागणे होय. यांतील पुष्कळ तरुण आपल्याच समाजाचे आहेत, आणि आपल्या विद्यार्थ्यांची अडचण सर्वांत जवळून जाणणारेही तेच आहेत.

एक धोकाही सांगितला पाहिजे. शिकविण्याचे संशोधन वाकड्या हाती गेले तर आपली मुले नमुने होतील. ‘मागास विद्यार्थ्यांच्या अध्ययन-समस्या’ अशा मथळ्याखाली त्यांच्या उणिवांची यादी तयार होईल, तिच्यावर कोणाला पदवी मिळेल, आणि वर्ग होता तसाच राहील. म्हणून कसोटी एकच ठेवावी : या अभ्यासानंतर बदलले कोण? विद्यार्थ्यावर नवे लेबल लागले आणि शिकविणे जसेच्या तसे राहिले, तर ते संशोधन नाही, जुनाच निवाडा नव्या कागदावर आहे. विद्यार्थ्याला अभ्यासात सहभागी करून घ्यावे, त्याचे नाव-जात उघडी पडणार नाही याची हमी असावी, आणि निष्कर्ष आधी त्याच्यापुढे वाचले जावेत.

नेतृत्वाकडून मागावयाचे ते फार नाही. वर्गाच्या अभ्यासासाठी कार्यभारात तास धरावेत, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकालाही त्या तासांचे मानधन द्यावे. प्रत्येक विभागाने वर्षातून एकदा नापासांचा नव्हे, शिकविण्याचा अहवाल लिहावा, आणि फसलेली रीत नोंदविणाऱ्याला संरक्षण असावे. बढतीच्या वेळी हे काम वाचून पाहिले जावे, नुसते मोजले जाऊ नये. सत्राचे तास ठरविताना त्या मुलूखाचा हंगाम विचारात घ्यावा. कार्यकर्त्यांनी आजवर प्रवेश, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांसाठी मोर्चे काढले, ते काढावेच लागतील. पण दारातून आत गेलेल्या मुलाला आत काय मिळते, हा प्रश्नही आता चळवळीच्या मागण्यांत आला पाहिजे. विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांना निवेदन देताना हजेरीपट आणि निकालपत्रक दोन्ही सोबत न्यावीत आणि विचारावे : या फुल्यांचा आणि या शून्यांचा अभ्यास आपल्या महाविद्यालयात कोण करतो, आणि त्याला आपण किती तास दिले आहेत?